तळ्याचा काठ वाचायला शिकू या : जुन्नर-आंबेगावचे बेडूक आणि त्यांचे शेजारी

आजचा विषय आहे पाणथळ जागांमधले जीव, त्यातही बेडूक, आणि ते बघायचे कसे. उदाहरणं जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली घेणार आहोत. पण तुम्ही सातारा, नाशिक, नगर, कुठूनही ऐकत असलात तरी पद्धत तीच राहते.

सुरुवात नेहमीच्या एका तक्रारीपासून करू. "आम्ही तळ्यावर गेलो, अर्धा तास थांबलो, पण काहीच दिसलं नाही." आम्ही विचारतो, बघत कुठे होतात? उत्तर ठरलेलं असतं : पाण्यात. माणसाची नजर चकाकणाऱ्या पाण्याच्या मधोमध जाते, आणि तिथे एखादी बुड्या मारणारी टिबुकली सोडली तर फारसं कुणी नसतं. खरी वस्ती असते काठावर. पाणी जिथे घोट्याएवढं आहे, गवत अर्धं आत अर्धं बाहेर आहे, चिखल ओला आहे, दगडाच्या पोटाशी सावली आहे, तिथे.

याचं कारण सोपं आहे. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, पाणी लवकर कोमट होतं, शेवाळ धरतं. ते शेवाळ खरवडून बेडूकमासे वाढतात. मोठे मासे इतक्या उथळ पाण्यात सहसा शिरत नाहीत. आणि बेडकाला दोन्ही जगं लागतात : आपल्याकडच्या बहुतेक बेडकांची अंडी पाण्यात, पण मोठेपणीचं आयुष्य बरंचसं जमिनीवर. या ये-जा करण्यासाठी त्याला उतार हवा, धरायला गवत हवं, लपायला फट हवी. म्हणून आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : तळं चांगलं की वाईट हे पाण्यावरून ठरवू नका, काठावरून ठरवा.

पाणी कुठे कुठे आहे

या दोन तालुक्यांची गंमत बघा. पश्चिमेला नाणेघाट, दुर्गवाडी, आहुपे, भीमाशंकर हा घाटमाथा. तिथे पाऊस धो धो कोसळतो. तिथून पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटर आलात की आळेफाटा, बेल्हे, इकडे मंचरच्या पुढचा भाग. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. एवढ्या थोड्या अंतरात पाण्याचे इतके प्रकार सापडतात, की बेडूक शिकायला याहून चांगली शाळा नाही.

घाटमाथ्यावरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, पावसाळ्यात वीतभर खोलीची डबकी भरतात. चार महिन्यांत भरतात आणि आटतातही. त्यात मासे टिकत नाहीत, म्हणूनच बेडकांना ती आवडतात. खाली उतरलात की भाताची खाचरं. आंबेगावच्या डोंगरउतारांवर महादेव कोळी शेतकरी पडकई करतात, म्हणजे दगडांचे बांध घालून उतारावर सपाट तुकडे तयार करतात. माणसासाठी ते भाताचं शेत असतं. बेडकासाठी मात्र चार महिन्यांचं उथळ तळं.

मग येतात धरणं. कुकडी प्रकल्पाची पाच : येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे. धरणाची भिंत बघायला गर्दी होते, पण जीव बघायचे तर फुगवट्याच्या शेपटाकडे जा, जिथे पाणी पसरट होत गेलंय. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकतं, ओली गाळजमीन उघडी पडते, लोक तिच्यावर गाळपेर करतात, आणि त्याच गाळात शेकाट्या, टिटव्या, बगळे चोची खुपसत फिरतात.

आणि एक फार जुना प्रकार : कातळात खोदलेली टाकी. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत, नाणेघाटात आहेत, जुन्नरभोवतीच्या बौद्ध लेण्यांत तर कितीतरी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत टाक्याला 'पोढी' असा शब्द येतो. इरिल नावाच्या एका यवनानं दोन पोढ्या दान दिल्याचा लेख जुन्नरलाच आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसांसाठी दिलेलं हे पाणी. अशा टाक्यांत आज डोकावलं तर बहुतेक वेळा पाण्याबाहेर दोन डोळे दिसतात. ते कुणाचे, हे पुढे सांगतो.

कधी जायचं

बेडकांचा पाडवा मृगात येतो. वळवाचा एखादा जोरदार पाऊस झाला, किंवा जूनमध्ये मोसमी पावसाची पहिली मोठी झड आली, की त्या रात्री आणि पुढच्या दोन-तीन रात्री घराबाहेर पडा. वर्षभर जमिनीत, बांधात, दगडाखाली दडलेले नर पाण्याकडे धाव घेतात आणि गळा काढतात. काही जातींचा सगळा विणीचा कारभार याच मोजक्या रात्रींत उरकतो. तुम्ही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सवडीनं गेलात तर बेडूकमासे दिसतील, पण लग्न होऊन गेलेलं असेल.

वेळ : अंधार पडल्यापासून साधारण दहापर्यंत. आणि हो, पाऊस कोसळत असताना जाण्यापेक्षा तो थांबून रिमझिम राहिली की जा. आवाज वेगवेगळे ऐकू येतात.

पक्षी बघायचे असतील तर उलट. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सातच्या सुमारास, पिंपळगाव जोगे किंवा येडगावच्या जलाशयाचा काठ. चक्रवाक आणि इतर पाहुणी बदकं तेव्हा आलेली असतात.

आधी ऐका, मग बघा

तळ्यावर पोचल्यावर पहिलं काम : बॅटरी बंद करून पाच मिनिटं गप्प बसा. तुमच्या पावलांनी सगळे चूप झालेले असतात. दोन-तीन मिनिटांनी एक जण धीर करतो, मग दुसरा, मग मैफल पूर्ववत. आता आवाज वेगळे काढायचे. लिहून दाखवणं अवघड आहे, तरी प्रयत्न करू.

खोल, घुमणारं, दूरवर जाणारं "डराँव, डराँव" आलं, तर तो आपला मोठा बेडूक. इंग्रजीत त्याला बुलफ्रॉग म्हणतात. वितभर लांबीचा. एरवी हिरवट-तपकिरी असणारा नर विणीच्या दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कुणी रंगवून ठेवलाय. याच बेडकाच्या तंगड्या एके काळी भारतातून मोठ्या प्रमाणावर परदेशी जात. शेतातले किडे खाणारा प्राणी असा टनावारी संपवणं परवडणारं नाही हे लक्षात आल्यावर १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली.

कुणी कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा करकरीत आवाज गवताच्या मुळाशी येत असेल, तर तो छोट्या तोंडाचा बेडूक, मायक्रोहायला. आवाजावरून वाटतं मूठभर असेल. शोधायला जावं तर निघतो अंगठ्याच्या पेराएवढा. हा सापडला की नवख्या माणसाचा निम्मा गर्व उतरतो.

लांबलचक, न तुटणारी "कुर्रर्रर्र" ही भेकाची. भेक म्हणजे खरबरीत, चामखिळींसारख्या पाठीचा, आपल्या अंगणातल्या दिव्याखाली येऊन किडे टिपणारा. लाकडावर ठोकल्यासारखं सुटं "टक्... टक्-टक्" वरून, फांदीवरून किंवा टाकीच्या भिंतीवरून आलं, तर वर बघा. तो झाडबेडूक. त्याच्या बोटांना गोल गाद्या असतात, त्यामुळे उभ्या भिंतीला चिकटून बसतो.

आणि टाक्यातले ते दोन डोळे? तो पाण्यावर तरंगणारा बेडूक. अंग पाण्याखाली, डोळे वर. चाहूल लागली की बुडी न मारता पाण्याच्या पृष्ठभागावरूनच, फेकलेल्या चपट्या दगडासारखा, टप्पे घेत पळतो. विहिरीत, टाक्यात, नाल्यात बारा महिने भेटणारा हाच. 'कूपमंडूक' म्हणून आपण ज्याची टिंगल करतो तोही बहुधा हाच असणार. प्रत्यक्षात तो पावसात एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात आरामात जातो, तेव्हा नावं ठेवताना जरा जपून.

भीमाशंकरच्या बाजूला गेलात तर डबक्यांइतकेच ओढे महत्त्वाचे. भीमाशंकरपासून महाबळेश्वर-कोयनेपर्यंतच्या सह्याद्रीत रातबेडकाची एक जात राहते. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचं नाव तिला १९५५ मध्ये दिलं गेलं. ही जात ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालते. पिल्लं बाहेर पडली की टपकन खालच्या पाण्यात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की या जातीची मादीसुद्धा आवाज देते, आणि नर तिला मिठी मारत नाही, हात पानावर टेकवून नुसता वर राहतो. जगात बेडकांच्या मीलनाची अशी पद्धत तोवर नोंदलेली नव्हती. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा डोंगरात हे चाललंय, आणि ते कळायला २०१६ उजाडावं लागलं. अजून काय काय कळायचं राहिलं असेल, विचार करा. अभयारण्याच्या हद्दीत रात्री फिरायचं तर वन विभागाची परवानगी लागते, ती मात्र आधी घ्या.

दिवसा काय बघायचं

रात्री जमत नाही अशांनी निराश होऊ नये. बेडूक झोपले तरी त्यांच्या खुणा काठावर असतात.

जेलीच्या दोरीत काळे मणी ओवल्यासारखं काही पाणवनस्पतींना गुंडाळलेलं दिसलं, तर ती भेकाची अंडी. पाण्यावर तरंगणारा, एकाच थराचा, ठिपक्याठिपक्यांचा पातळ पापुद्रा दिसला, तर मायक्रोहायलाची. आणि पाण्याच्या वर, फांदीला किंवा टाकीच्या भिंतीला साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला असेल तर तो झाडबेडकाचं घरटं. वरून सुकलं तरी फेस आत ओला राहतो, अंडी जपतो. पिल्लं तयार झाली की खाली पाण्यात पडतात. टाकी धुताना हा फेस घाण म्हणून खरवडू नका, एवढी विनंती.

बेडूकमासे म्हणजे सगळे सारखे, असं वाटतं. मायक्रोहायलाचे जवळजवळ पारदर्शक असतात आणि पाण्याच्या मधल्या थरात लटकून राहतात. भेकाचे काळेकुट्ट, थव्यानं. मोठ्या बेडकाचे अंगानं दांडगे आणि शिकारी, दुसऱ्यांची पिल्लं खातात.

आता शेजारी. गवताच्या काडीवर पंख पसरून बसला तर चतुर, पंख पाठीवर मिटून बसली तर बहुधा टाचणी. त्यांची पिल्लं पाण्यात राहतात आणि डासांच्या अळ्या फस्त करतात. पावसाळा सरताना शेतांवर पिवळसर चतुरांचे थवे तरंगताना दिसतात. हे हिंद महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असं अभ्यासक मानतात. त्यांची वाढ होते ती अशाच तात्पुरत्या डबक्यांत. काठाच्या दगडांत दिवड असते, बिनविषारी पाणसाप, बेडूक-मासे खाणारी. पाण्याशेजारच्या फांदीवर खंड्या, काठाला पुतळ्यासारखा वंचक, म्हणजे तो मातकट बगळा. उडाला की एकदम पांढरा दिसतो. झुडपांतून शेपटी हलवत पळणारी पाणकोंबडी.

आणि चिखल. ओला चिखल म्हणजे रात्रीचं हजेरीपुस्तक. मुंगूस, ससा, कोल्हा, आणि आपल्या भागात बिबट्या, सगळे पाण्यावर येऊन सही करून जातात. पायांचे ठसे मोबाइलवर टिपताना शेजारी एक पेन किंवा नाणं ठेवा, मग आकार कळतो.

जपून

बिबट्याचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट बोलू. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या पाहुणा नाही, रहिवासी आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. अंधारात एकट्यानं जायचं नाही. उसाला लागून असलेल्या तळ्यावर रात्री वाकून, बसून काही शोधायचं नाही. लहान मुलांना रात्री नेऊच नका, त्यांना सकाळची अंडी आणि ठसे दाखवा. बोलत, काठी आपटत चाला. पाच मिनिटं गप्प बसण्याचा जो नियम मघाशी सांगितला, तो गावालगतच्या, मोकळ्या, उजेड जवळ असलेल्या जागी आणि चार जण सोबत असतानाच.

पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेत. फुरसं, घोणस, नाग, मण्यार यांचीही शिकारीची वेळ तीच. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

हे झालं आपल्या जिवाचं. बेडकाच्या जिवाचंही बघा. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि पाणी शोषतो. आपल्या हाताला लागलेलं डासांचं मलम, साबण, मीठ त्याच्या अंगात जातं. म्हणून हात लावायचा नाही, फोटो पुरे. प्रखर झोत डोळ्यांवर धरून ठेवायचा नाही. दगड उचलला तर होता तसाच परत ठेवायचा. सड्यावरच्या दगडांखाली देवगांडूळ असू शकतं, बेडकांचंच बिनपायाचं भावंड, आणि त्याचं घर तेवढंच असतं. बेडकांना मारणारी एक बुरशी जगभर पसरली आहे, तिची नोंद पश्चिम घाटातही झाली आहे. तेव्हा एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट चिखल काढून, धुऊन, वाळवून घ्या.

काठ नसलेलं पाणी

आता जरा अवघड भाग. आपल्या तालुक्यांत पाणी वाढलं की कमी झालं? उपग्रहाच्या चित्रात बघाल तर पूर्व भागात निळे चौकोनच चौकोन दिसतील. ही शेततळी. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, आणि द्राक्ष, टोमॅटो, कांदा करणाऱ्याला उन्हाळ्यात त्यांचा मोठा आधार असतो. त्यांच्याविरुद्ध आम्ही बोलत नाही. ज्याच्या पिकाला एप्रिलमध्ये पाणी लागतं, त्याला बेडकांसाठी तळं मोडा असं सांगणं हा शहाणपणा नव्हे.

पण काठाच्या नजरेनं त्या तळ्याकडे बघा. प्लॅस्टिकचं अस्तर, तीव्र उतार, ना चिखल, ना गवत. पाणी भरपूर आणि काठ शून्य. बेडूक आत उडी मारतो, बाहेर यायला धरायला काही नाही. ससा, मुंगूस, कुत्रं, कधी माणसाचं मूलसुद्धा त्या निसरड्या उतारावरून वर येऊ शकत नाही. दुसरीकडे गावतळं बुजवलं जातं, ओढ्याला सिमेंटची भिंत येते, बांधावरचं गवत तणनाशकानं जळतं. म्हणजे पाणी वाढूनही पाणथळ घटते.

आणि कायद्याचा आधार? पाणथळ जागांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांच्या व्याख्येतून नदीचं पात्र, भातखाचरं, आणि पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसानं बांधलेले पाणीसाठे वगळले आहेत. आज आपण ज्या पाण्यांची नावं घेतली, त्यांतली बरीचशी या व्याख्येबाहेर जातात. त्यामुळे तिथे काय होतं, काय होतं आणि आता नाही, हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

करता येण्याजोगं मात्र पुष्कळ आहे, आणि स्वस्त आहे. शेततळ्याला पक्कं कुंपण, आणि चारही बाजूंना आत सोडलेली काथ्याची जाळी, गोणपाटाची पट्टी किंवा जुन्या टायरांची दोरानं बांधलेली शिडी. पडलेला जीव वर चढू शकतो. सांडव्याचं जास्तीचं पाणी जिथे पडतं, तिथे अस्तर न घालता एक उथळ खड्डा ठेवा, मूठभर गवत राहू द्या. तोच तुमच्या शेताचा काठ. फवारणीचा पंप तळ्यात किंवा ओढ्यात धुऊ नका.

नोंद कशी ठेवायची

एक वही घ्या. एकच तळं निवडा, घराजवळचं. तारीख, वेळ, पाऊस होता का, काठावर काय आहे (गवत, चिखल, दगड, सिमेंट, प्लॅस्टिक), किती प्रकारचे आवाज ऐकले, काय दिसलं. नाव येत नसेल तर आवाज फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी टाका, जाणकार मदत करतात. "आज काहीच नाही" ही नोंदसुद्धा लिहा. पाच वर्षांनी तीच सर्वांत मोलाची ठरते.

ही हौस वाया जात नाही. महाराष्ट्राच्या पश्चिम घाटातून एका झुडूपबेडकाची नवी जात २०१३ मध्ये नोंदली गेली, आणि पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्या नावावरून तिला 'घाटेई' म्हटलं गेलं. २०१५ मध्ये आणखी एका बेडकाला 'बहुविस्तारा' हे चक्क संस्कृत नाव मिळालं, कारण तो दूरवर पसरलेला होता. इतका पसरलेला असूनही तोवर तो वेगळ्या जातीचा आहे हे लक्षात आलेलं नव्हतं.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*बेडूक विषारी असतो का?* आपल्याकडच्या भेकाच्या डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असतात, त्यांतला स्राव त्रासदायक असतो. कुत्र्यानं भेक तोंडात धरला तर त्याच्या तोंडाला फेस येतो. माणसानं खाल्ला नाही, हात डोळ्यांना लावला नाही, तर भीती नाही. हात धुवा, झालं.

*विहिरीत बेडूक आणून सोडले तर डास कमी होतील का?* एकट्या बेडकाच्या जिवावर नाही. डासांच्या अळ्या खातात ते चतुरांची पिल्लं, पाणकिडे, छोटे मासे, सगळे मिळून. आणि ते सगळे येतात काठ चांगला असला की, आपसूक. बेडूक आणून सोडू नका. त्याला येता येईल अशी वाट ठेवा.

पूर्वी पाऊस लांबला की गावोगाव धोंडी निघायची, कडुलिंबाचा पाला आणि बेडूक घेऊन पोरं दारोदार पाणी मागत फिरायची. बेडूक आणि पाऊस यांचं नातं त्या पोरांना शिकवावं लागत नव्हतं. आपल्याला ते वही घेऊन शिकावं लागेल, एवढाच फरक. या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की सोबतीला दोघे-तिघे घ्या, बूट घाला, आणि घराजवळच्या पाण्यावर जाऊन किती आवाज येतात ते मोजा. आकडा कितीही येवो, तारखेसह लिहून ठेवा.